बिल वेळेवर चुकतं करा, मग बाकीचं बोलू

अटलांटाच्या उपनगरात राहणाऱ्या आणि तीसेक माणसांची आयटी कंपनी चालवणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी विचारलं आहे: ‘2020 साली जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर आम्ही घरी ठरवून कृष्णवर्णीयांच्या दुकानांतून खरेदी सुरू केली. तीन-चार महिन्यांत ते विरलं. अशा खरेदीने त्या समाजाची संपत्ती खरंच वाढते का? आमच्यासारख्या बाहेरच्या माणसांनी नेमकं काय करावं? बँक बदलावी का? आमच्या महाराष्ट्र मंडळालाही यात काही करता येईल का?’

मी बावीस वर्षं याच शहरात, छोट्या धंद्यांना कर्ज देणाऱ्या एका ना-नफा संस्थेत काम करतो. वडील मिरजेजवळच्या गावात विकास सोसायटीचे सचिव होते, त्यामुळे ‘थकबाकी’ हा शब्द मी बाराखडीबरोबरच शिकलो. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या दहा जणांत सात-आठ कृष्णवर्णीय असतात. तेव्हा उत्तर देतोय ते या टेबलाच्या अलीकडून. मोर्चात चालणारा माणूस किंवा प्राध्यापक तुम्हाला वेगळं उत्तर देईल, आणि तेही चूक असेलच असं नाही.

तुमच्या त्या तीन-चार महिन्यांपासूनच सुरुवात करतो. माझी एक कर्जदार बाई घरच्या गॅरेजमध्ये शिया बटरपासून केसांचं मलम बनवते. जून 2020 मध्ये तिच्या वेबसाइटवर दहा दिवसांत एरवीच्या वर्षभराइतक्या ऑर्डरी आल्या. कुठल्याशा यादीत तिचं नाव आलं होतं. डबे, लेबलं, कच्चा माल, दोन मुली मदतीला. सगळ्याला रोख लागली. आमच्याकडे अर्ज करून थांबायला तिला वेळ नव्हता. तिने ऑनलाइन एका सावकारी कंपनीकडून वीस हजार डॉलरची उचल घेतली. परतफेड अठ्ठावीस हजार, आठ महिन्यांत, खात्यातून रोज सुमारे एकशे पासष्ट डॉलर आपोआप कापून. या धंद्यात ‘व्याज’ हा शब्दच वापरत नाहीत, ‘फॅक्टर’ म्हणतात. पण आपल्या पद्धतीने वार्षिक हिशेब मांडला तर तो आकडा शंभर टक्क्यांच्या वर जातो. ऑक्टोबरमध्ये ऑर्डरी पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आल्या. गॅरेजमध्ये रिकामे डबे छतापर्यंत, आणि रोजची कापणी चालूच. ते कर्ज आम्ही शेवटी आमच्या कर्जात वळवून घेतलं आणि तिला तीन वर्षांचे हप्ते बांधून दिले. ती सावरली. सगळेच सावरले नाहीत.

तुमचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण धंद्याला पूर सोसत नाही, त्याला पाटाचं पाणी लागतं. एकाच दुकानातून महिन्याला साठ डॉलरची खरेदी पाच वर्षं करणारं गिऱ्हाईक मला तिच्या वहीत दिसलं की मी कर्ज मंजुरीच्या कागदावर निवांत सही करतो. एका आठवड्यात सहाशे डॉलर खर्चून गायब होणारी दहा गिऱ्हाइकं दिसली की माझ्या कपाळाला आठ्या पडतात.

आता संपत्तीचं. इथे एक गल्लत सारखी होते. कृष्णवर्णीय समाजाची क्रयशक्ती दीड लाख कोटी डॉलरच्या वर आहे, असं भाषणांतून अभिमानाने सांगतात. क्रयशक्ती म्हणजे कर भरून हातात उरलेलं उत्पन्न. ते खर्च होतं. संपत्ती म्हणजे देणी वजा जाता उरलेली मालकी: घर, जमीन, धंद्यातला हिस्सा, निवृत्तीचा निधी. फेडरल रिझर्व्हच्या 2022च्या पाहणीत मध्यावरच्या गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता 2,85,000 डॉलर होती आणि मध्यावरच्या कृष्णवर्णीय कुटुंबाची 44,900. एकास सहा. पगारांतली तफावत याच्या जवळपासही नाही. म्हणजे दरी खर्चाच्या सवयींतून पडलेली नाही. ‘त्यांच्या वस्तीत डॉलर फक्त सहा तास टिकतो’ हे वाक्यही तुम्ही ऐकलं असेल. त्यामागचा अभ्यास आजवर कुणी दाखवलेला नाही, तेव्हा मंडळाच्या व्यासपीठावरून ते म्हणू नका.

दरी कशातून पडली हे पाहायला मी नव्या सहकाऱ्यांना एका बुडालेल्या बँकेची गोष्ट सांगतो. 3 मार्च 1865 रोजी लिंकन यांच्या सहीने ‘फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक’ सुरू झाली. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांनी, कृष्णवर्णीय सैनिकांनी मजुरीचे, पगाराचे पैसे तिथे ठेवायचे. पासबुकावर लिंकनचं चित्र, त्यामुळे लोकांना वाटलं की सरकार पाठीशी आहे. ते नव्हतं. सुरुवातीला पैसा फक्त सरकारी रोख्यांत गुंतवायचा नियम होता. 1870 साली तो सैल केला आणि अर्थसमितीवरच्या हेन्री कुक यांच्यासारख्या गोऱ्या मंडळींनी आपल्या वर्तुळातल्या लोकांना कर्जं वाटली. 1873च्या मंदीत ती कर्जं बुडाली. आपल्याकडे जोतीरावांनी ज्या वर्षी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं, त्याच वर्षी इथे त्या मुक्त माणसांच्या ठेवींखालची जमीन सरकत होती. मार्च 1874 मध्ये गुलामीतून निसटून मोठे झालेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांना बँकेचं अध्यक्ष केलं गेलं. त्यांनी स्वतःचे दहा हजार डॉलर घातले, पण खड्डा केवढा आहे ते त्यांना आत गेल्यावर कळलं. जूनच्या अखेरीस बँक बंद. एकसष्ट हजारांवर ठेवीदारांचे जवळपास तीस लाख डॉलर अडकले. काहींना पुढे कित्येक वर्षांनी अर्धेमुर्धे मिळाले, पुष्कळांना काहीच नाही.

महाराष्ट्रात पतसंस्था बुडालेल्या गावात पुढची वीस वर्षं लोक ठेव ठेवायला कसे कचरतात, हे तुम्ही पाहिलं असेल. इथे तर एका अख्ख्या समाजाची पहिली बचत गेली. तरीही त्यांनी पुन्हा उभारणी केली, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. 1903 साली व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये एका धुणावळ करणाऱ्या बाईची मुलगी मॅगी लेना वॉकर हिने ‘सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक’ काढली. नावातच पेनी, म्हणजे आपली पै. बँकेची सनद मिळवणारी ती अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिची बँक बायकांच्या आणि मुलांच्या चिल्लर ठेवींवर चालली. आमच्या अटलांटात अलोन्झो हर्न्डन गुलामीत जन्मले, न्हाव्याचं काम शिकले, पीचट्री स्ट्रीटवर गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी आलिशान सलून काढलं आणि 1905 साली छोट्या दफन-विमा मंडळ्या विकत घेऊन ‘अटलांटा लाइफ’ उभी केली. पुढच्याच वर्षी दंगलीत त्यांच्या सलूनवर हल्ला झाला. 1921 साली ऑबर्न ॲव्हेन्यूवर ‘सिटिझन्स ट्रस्ट बँक’ निघाली, ती आजही आहे. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस ओक्लाहोमातल्या तल्सात ग्रीनवूडची पस्तीसेक ब्लॉकची भरभराटलेली कृष्णवर्णीय वस्ती गोऱ्या जमावाने जाळली आणि विमा कंपन्यांनी ‘दंगल’ या कलमाखाली दावे नाकारले. ग्रीनवूड पुन्हा बांधलं गेलं होतं, हे मात्र सांगायचं राहून जातं. त्याच्यावर दुसरा घाव घातला तो पुढच्या काळातल्या महामार्गाने. ऑबर्न ॲव्हेन्यूवरूनही तसाच महामार्ग गेला आहे. तुम्ही रोज कामाला त्यावरूनच जात असाल.

आणि घरं. 1930च्या दशकापासून सरकारी हमीची गृहकर्जं कृष्णवर्णीय वस्त्यांना मिळतच नव्हती. नकाशावर त्या वस्त्या लाल रंगवलेल्या. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठीच्या योजनेत 1947 साली मिसिसिपीत तीन हजारांवर हमी-कर्जं दिली गेली. त्यांतली दोन कृष्णवर्णीयांना. दोन हजार नव्हे, दोन.

ज्याच्या आईबापाचं घर नाही त्याच्याकडे धंद्यासाठी तारण नाही. तारण नाही म्हणून बँक नाही. बँक नाही म्हणून क्रेडिट कार्ड, आणि मग ती रोजच्या कापणीवाली कंपनी. कोविडची पहिली मदतही बँकांनी आधी आपल्या जुन्या खातेदारांना दिली. फेब्रुवारी ते एप्रिल 2020 या दोन महिन्यांत धंदा चालू असलेल्या कृष्णवर्णीय मालकांची संख्या 41 टक्क्यांनी घसरली, गोऱ्यांची 17 टक्क्यांनी. आज कामगार नेमणाऱ्या धंद्यांपैकी कृष्णवर्णीय मालकीचे सुमारे तीन टक्के आहेत. लोकसंख्येत त्यांचा वाटा चौदा टक्क्यांच्या आसपास आहे.

आता तुमच्या कंपनीकडे येतो, कारण तुमच्या घरखर्चापेक्षा तुमच्या कंपनीची खरेदी मोठी आहे. साफसफाई, छपाई, चहापाणी, लॅपटॉपची दुरुस्ती, कुरिअर, हिशेबनीस, कार्यालयाची रंगरंगोटी. यांतली किती बिलं कुणाला जातात ते एकदा काढून पाहा.

या शहरात याचा धडा विमानतळाने दिला. 1973 साली मेनार्ड जॅक्सन निवडून आले. अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर, वय पस्तीस. तेव्हा शहराच्या कंत्राटांपैकी एक टक्काही कृष्णवर्णीय कंपन्यांना मिळत नव्हता, आणि शहराची निम्मी वस्ती त्यांची. नवीन विमानतळ बांधायचा होता. जॅक्सन अडून बसले: मोठ्या कंपन्यांनी अल्पसंख्याक भागीदार घ्यायचे, कामाचा 25 टक्के वाटा त्यांचा, नाहीतर धावपट्टीवर गवत उगवलं तरी चालेल. आरडाओरडा झाला, खर्च वाढेल, काम रखडेल म्हणाले. 1980च्या सप्टेंबरात टर्मिनल वेळेत उघडलं. त्या भागीदाऱ्यांतून बांधकामाच्या, दुकानांच्या, हिशेबाच्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांची मुलं आज माझ्याकडे नाही, मोठ्या बँकांकडे जातात, आणि माझ्या लेखी यशाची खूण तीच. 1989 साली रिचमंडच्या अशाच योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि शहरांचे हात बरेच बांधले गेले. पण खासगी कंपनीने कुणाकडून कोटेशन मागवायचं ते अजून तिच्या हातात आहे.

कंत्राट देणं मात्र निम्मं काम. माझा एक कर्जदार कार्यालयांच्या सफाईचा ठेकेदार आहे. त्याला एका मोठ्या कंपनीचं काम मिळालं. मिठाई घेऊन आला होता. अठरा माणसं, दर पंधरा दिवसांनी पगार वीस हजार डॉलर. बिल महिन्याअखेर द्यायचं आणि पैसे साठ दिवसांनी मिळणार. मी कागदावर मांडून दाखवलं: पहिला डॉलर हातात येईपर्यंत सहा पगार होतील, म्हणजे एक लाख वीस हजार. त्याच्या खात्यात नऊ हजार होते. काम जेवढं मोठं तेवढा लवकर बुडणार. आम्ही त्या बिलांवर उचल दिली म्हणून निभावलं, पण त्या उचलीचं व्याज त्याच्या नफ्यातून गेलं. बड्या कंपनीने स्वतःचे साठ दिवस त्याच्या खिशातून चालवले आणि त्याच वर्षीच्या अहवालात विविधतेवर चार रंगीत पानं छापली.

तेव्हा तुम्हाला एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. छोट्या पुरवठादाराचं बिल दहा दिवसांत चुकतं करा. त्याला कोणतीही विशेष योजना लागत नाही, वंश विचारावा लागत नाही, वकील लागत नाही. दुसरं म्हणजे तुमचा खरेदीचा फॉर्म काढून वाचा. तीन वर्षांचा लेखापरीक्षित ताळेबंद, अवाच्या सवा विमा, आधीचे पाच बडे ग्राहक. चाळीस हजारांच्या रंगकामाला हे कशाला? बहुतेक वेळा तो फॉर्म कुणीतरी मोठ्या कंपनीचा उतरवून घेतलेला असतो. तिसरं, काम वर्षाच्या कराराने द्या. बारा महिन्यांचा करार हातात असला की मी त्याच कागदावर कर्ज देऊ शकतो. तोंडी आश्वासनावर नाही.

इथे एक सावधगिरी. उत्साहाच्या भरात ‘हे काम फक्त कृष्णवर्णीय कंपन्यांसाठी’ असं लिहून बसू नका. गुलामी संपल्यावर 1866 साली मुक्त माणसांना करार करण्याचा समान हक्क देणारा कायदा झाला. त्याच कायद्याच्या आधारे अटलांटातल्याच ‘फिअरलेस फंड’वर 2023 साली दावा लावला गेला. हा फंड कृष्णवर्णीय स्त्रियांच्या धंद्यांना वीस हजार डॉलरची अनुदानं देत होता. जून 2024 मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक असा निकाल फंडाविरुद्ध दिला आणि सप्टेंबरात तडजोड होऊन ती अनुदान योजना बंद झाली. कायद्याचं हे असं उलटं फिरणं मला अजून पचत नाही, पण कर्ज देणाऱ्याला न पचलेला निकालही पाळावा लागतो. म्हणून वाट वेगळी धरा: कोटेशन मागवण्याची कक्षा वाढवा, त्या भागातल्या व्यापारी संघटनांना कळवा, अटी सोप्या करा, निवड गुणांवर करा. दार उघडं ठेवलं की लोक येतात.

सरकारी बाजूही आक्रसते आहे. लघुउद्योग प्रशासनाची ‘8(अ)’ योजना ठरावीक समाजांना आपोआप मागास धरून कंत्राटांत वाट देत असे. 2023च्या जुलैत टेनेसीच्या न्यायालयाने ते आपोआप धरणं थांबवलं. त्यानंतर प्रत्येक मालकाला आपल्यावर काय गुदरलं याचं निवेदन लिहावं लागलं. माझ्या एका सत्तरीच्या कर्जदाराला ते लिहायला तीन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, याच्यापेक्षा धंदा सोपा होता.

आणि आता जरा आपलं. त्या ‘8(अ)’च्या यादीत भारतीय वंशाचे लोक 1982 साली, आपल्या संघटनेने अर्ज करून, दाखल झाले. आपल्यातल्या किती आयटी कंपन्यांनी पहिलं सरकारी कंत्राट त्या दारातून मिळवलं, हे दिवाळीच्या फराळाला कुणी सांगत नाही. आपल्याला या देशात येऊ देणारा 1965चा कायदाही नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेवरच आला. हे आठवलं की ‘आम्ही मेहनतीने वर आलो, ते का येत नाहीत’ हे वाक्य घशात अडकायला हवं. आपल्या काही घरांत ‘काळे’ हा शब्द ज्या सुरात उच्चारला जातो त्याबद्दल मी इथे लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पुण्यात 2005 साली मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांचं ‘डिक्की’ हे चेंबर काढलं तेव्हा त्यामागे याच अमेरिकन कृष्णवर्णीय उद्योजकतेचा आदर्श होता. 2012च्या खरेदी धोरणात केंद्र सरकारने अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी चार टक्के वाटा ठेवला. तिथल्या उद्योजकांशी बोलतो तेव्हा तक्रार शब्दशः तीच असते: ऑर्डर मिळते, पैसे मिळत नाहीत.

बँकेचं विचारलंत. कृष्णवर्णीय मालकीच्या बँका आता दोन डझनांच्या आतबाहेर उरल्या आहेत. सिटिझन्स ट्रस्ट इथे, न्यू ऑर्लीन्सला लिबर्टी, वॉशिंग्टनला इंडस्ट्रियल, नॅशव्हिलला 1904 पासूनची सिटिझन्स सेव्हिंग्ज. अडीच लाख डॉलरपर्यंतची तुमची ठेव तिथेही इतर बँकांइतकीच विम्याने सुरक्षित आहे, 1874 आता नाही. 2016 साली रॅपर किलर माइकने आवाहन केल्यावर या बँकांत हजारो नवी खाती उघडली. छान झालं, पण पन्नास डॉलरचं निपचित खातं सांभाळायला बँकेलाच खर्च येतो. ठेवायची तर मोठी आणि टिकणारी ठेव ठेवा: कंपनीच्या राखीव रकमेतली दोन लाखांची तीन वर्षांची मुदत ठेव, किंवा पगाराचं चालू खातं. 2020 साली नेटफ्लिक्सने आपल्या रोख शिलकीतले दोन टक्के, सुमारे दहा कोटी डॉलर, अशा संस्थांकडे वळवायचं ठरवलं, त्याचं मला कौतुक यासाठी की तो देणगीचा चेक नव्हता. कंपनीचा पैसा कंपनीचाच राहिला, फक्त बसायची जागा बदलली. बँकेला मात्र ठेवींइतकीच भांडवलाचीही गरज असते. ठेवी अचानक फुगल्या आणि भांडवल तेवढंच राहिलं तर नियामक डोळे वटारतो. आमच्यासारख्या कर्जसंस्था, मिसिसिपीतली ‘होप’ किंवा डरॅममधली ‘सेल्फ-हेल्प’ यांच्यासारख्या पतपेढ्या, या त्या साखळीतल्या शेवटच्या कड्या: दहा हजार, पंचवीस हजार, पन्नास हजारांची कर्जं. बँकांना एवढ्या छोट्या कर्जाची फाइल परवडत नाही. बाकी त्रिनिदादच्या आणि पश्चिम आफ्रिकेच्या बायकांची ‘सूसू’ आहेच. ती म्हणजे आपली भिशी, नियमांसकट. मी पतचौकशीत ‘सूसूत किती वर्षं?’ हा प्रश्न विचारतो. कागदोपत्री त्याला मोल नाही, माझ्याकडे आहे.

ठेव आणि कंत्राट झालं. पण संपत्ती मला खऱ्या अर्थाने दिसते ती धंद्याची जागा मालकीची झाली की. वस्ती सुधारते ती तिथल्या सलूनवाल्याने, खानावळवालीने वीस वर्षं दिवे लावल्यामुळे. आणि सुधारली की भाडं वाढून पहिले तेच बाहेर जातात. यावर सरकारी ‘504’ कर्ज हा उपाय आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. चार लाखांची इमारत असेल तर साधारण निम्मं बँक देते, चाळीस टक्के सरकारी हमीचं दीर्घ मुदतीचं स्थिर व्याजाचं कर्ज आणि मालकाचे दहा टक्के, म्हणजे चाळीस हजार. अट एवढी की निम्म्याहून अधिक जागा स्वतः वापरायची. अडतं ते त्या चाळीस हजारांवर. गोऱ्या मुलाला ते बहुधा वडिलांच्या घरावर कर्ज काढून मिळतात. इथे कुणी ओळखीतल्या माणसाने दुय्यम कर्ज म्हणून ते घातले तर पूर्ण व्यवहार उभा राहतो. तुमच्याकडे पैसा पडून असेल तर याबद्दल एखाद्या कर्जसंस्थेशी बोला. थेट हातउसने देऊ नका, मैत्रीही जाते आणि पैसेही.

जमिनीची गोष्ट सांगितल्याशिवाय माझं उत्तर पुरं होत नाही, कारण ती आपल्याला लगेच कळते. 1910च्या सुमारास कृष्णवर्णीय शेतकऱ्यांकडे दीड कोटी एकरांच्या घरात जमीन होती. त्यातली बहुतेक गेली. धाकदपटशाने गेली, कृषिखात्याच्या पक्षपाती कर्जवाटपाने गेली, आणि फार मोठी गेली मृत्युपत्र नसल्यामुळे. कोर्टाची पायरी त्यांना सुरक्षित नव्हती, मग मृत्युपत्र करायचं कुठे? पणजोबा वारले, जमीन सगळ्या वारसांची सामाईक राहिली, पिढ्या गेल्या, नावं वाढली. सातबाऱ्यावर अजून पणजोबाच आणि वारस पंचेचाळीस, असं आपल्या गावांत असतं ना, अगदी तसं. इथे याला ‘हेअर्स प्रॉपर्टी’ म्हणतात. शिकागोत राहणाऱ्या कुणा चुलत नातवाकडून विकासक त्याचा बारीकसा हिस्सा विकत घेतो आणि कोर्टात वाटणी मागतो. एवढे तुकडे करता येत नाहीत म्हणून कोर्ट लिलाव काढतं, आणि लिलावात रोख घेऊन उभा असतो तो विकासकच. दक्षिण कॅरोलिनाच्या हिल्टन हेड बेटावर 1956 साली पूल झाला. आज तिथल्या अशा जमिनींवर गोल्फची मैदानं आहेत. 2010 साली यावर नमुना कायदा तयार झाला आणि जॉर्जियाने तो 2012 साली स्वीकारला: आधी मूल्यांकन, मग घरच्या वारसांना तो हिस्सा घ्यायचा पहिला हक्क, आणि विकायचीच वेळ आली तर खुल्या बाजारभावाने. कायदा चांगला आहे. पण मालकी नावावर स्पष्ट नसेल तर त्या जमिनीवर आजही कर्ज मिळत नाही, आणि वादळात छप्पर उडालं तर मदत मिळवतानाही कागदासाठी अडतं. माझ्या अनुभवात, एका कुटुंबाचे वारसाचे कागद सरळ करायला वकिलाला लागणारे तीन-चार हजार डॉलर जेवढी संपत्ती वाचवतात, तेवढी दुसरी कुठलीच देणगी वाचवत नाही. तुमच्या मंडळात वकील आहेत. महिन्याचा एक शनिवार फुकट मृत्युपत्रं करून द्यायला त्यांना कुणी विचारलं आहे का?

घरच्या खरेदीचं थोडक्यात. ती सोडू नका, फक्त तिला सवय बनवा. एक न्हावी, एक बेकरी, एक मोटार मेकॅनिक, एक दंतवैद्य. मोठ्या दुकानांतल्या फळीवरून कृष्णवर्णीय ब्रँड उचलणंही ठीक, पण ती फळी मालकाची नसते. टार्गेट या बड्या दुकानसाखळीने 2025च्या जानेवारीत विविधतेची धोरणं आवरती घेतल्यावर इथल्याच एका मोठ्या चर्चच्या पाद्र्यांनी बहिष्काराची हाक दिली आणि त्या दुकानांत माल ठेवणारे कृष्णवर्णीय उद्योजक कात्रीत सापडले. बहिष्कार आपल्यासाठीच चाललाय, आणि विक्री आपलीच पडतेय. अशा वेळी थेट त्यांच्या वेबसाइटवरून घ्या. विग-गंगावनाच्या बाजारात तर हे फारच विचित्र आहे: केस आपल्या देवळांतून येतात, चीनच्या कारखान्यांत तयार होतात, दुकान बहुधा कोरियन कुटुंबाचं, आणि गल्ल्यावर पैसे मोजते ती कृष्णवर्णीय बाई. म्हणून ती गॅरेजमधली माझी कर्जदार मला महत्त्वाची वाटते. मालही तिचा, नावही तिचं.

राहिलं मंडळ. उकडीचे मोदक आणि वरणभात कुणाकडून घ्यायचा यात मी पडत नाही, ते तुमच्या अन्नसमितीचं रणांगण. पण गणपतीला मंडप लागतो, खुर्च्या, ध्वनियंत्रणा, सुरक्षारक्षक, छपाई, बस, हॉलची सफाई. अधिवेशन असेल तर याच्या दसपट. यांतल्या प्रत्येक कामाला या शहरात कृष्णवर्णीय मालकाची दमदार कंपनी आहे. कोटेशन ऑगस्टमध्ये धावपळीत मागवू नका, मे महिन्यात मागवा. निम्मी रक्कम ठरल्या दिवशी आगाऊ द्या, उरलेली विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. आणि काम चांगलं झालं तर दिवाळीची ऑर्डर त्याच बैठकीत लेखी देऊन टाका; तो कागद घेऊन तो माझ्याकडे येईल.